नदी ओलांडली की कायदा बदलतो

वारंगा फाट्यावर गाडी थांबते ती बहुतेक वेळा खिचडीसाठी. नांदेडहून हिंगोलीकडे निघालेली एसटी, हैदराबादचा माल घेऊन अकोल्याकडे चाललेला ट्रक, नागपूरहून तुळजापूरला देवीला निघालेली कुटुंबं, सगळे इथे टेकतात. कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. एक १६१, अकोल्याहून हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणातल्या संगारेड्डीला जाणारा. दुसरा ३६१, नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत तुळजापूरकडे उतरणारा. पाट्यांवर गावांची नावं आहेत, किलोमीटर आहेत. कुठल्या रस्त्याने गेलं की शेतजमिनीचा कायदा कुठे बदलतो, हे मात्र कुठल्याच पाटीवर नाही.

आणि तो खरोखरच बदलतो. फाट्यावरून हदगावचा रस्ता धरा, पुढे पैनगंगेचा पूल ओलांडा, की उमरखेड. पुलाच्या अलीकडे मराठवाडा. तिथे कुळाचे आणि जमीनमालकाचे संबंध ठरवतो हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. पुलाच्या पलीकडे विदर्भ. तिथे याच विषयाचा कायदा १९५८ चा, विदर्भासाठी वेगळा केलेला. पुण्या-साताऱ्याकडे गेलात तर तिसराच, १९४८ चा, मूळचा मुंबई प्रांताचा. राज्य एक, विधानसभा एक, उच्च न्यायालय एक, सातबाराचा नमुना एक, आणि कूळकायदे तीन. ही इतिहासाच्या पुस्तकातली गोष्ट नव्हे. २०१४ साली विधिमंडळाने ठरवलं की कुळाने कायद्याने विकत घेतलेली जमीन दहा वर्षांनंतर विकायची असेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीसाठी थांबायला नको. आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरली की झालं. एवढा साधा नियम, पण तो तीन कायद्यांत तीन ठिकाणी घालावा लागला. पश्चिम महाराष्ट्रात कलम ४३, विदर्भात कलम ५७, मराठवाड्यात कलम ५०-ब. पुण्याकडचा माणूस 'त्रेचाळीसची जमीन' म्हणतो, तेव्हा हिंगोलीच्या तहसीलमधल्या कारकुनाला मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं.

कायद्याची खिचडी म्हणायचा मोह होतो, फाटाही त्यासाठीच नावाजलेला. पण खिचडीत डाळ-तांदूळ एकजीव होतात. इथे पासष्ट-सत्तर वर्षांत कूळकायदे एकजीव झालेले नाहीत, आणि मला थक्क करते ती नेमकी हीच गोष्ट.

मराठवाड्याच्या कायद्यातलं कलम ३४ उघडा. 'संरक्षित कूळ' कोणाला म्हणायचं, हे तिथे सांगितलं आहे. एक अट अशी: ज्याने सलग किमान सहा वर्षं जमीन कसली, आणि ती सहाही वर्षं फसली सन १३४२ ते १३५२ या काळात येतात, तो. दुसऱ्या एका पोटकलमात फसली १३५३ चा पहिला दिवस कोणता तेही कंसात दिलं आहे: ६ ऑक्टोबर १९४३. हा कायदा अमलात आला १० जून १९५० ला, म्हणजे भारतीय राज्यघटना लागू होऊन साडेचार महिने झाल्यावर. नव्या प्रजासत्ताकातला नवाकोरा जमीनसुधारणा कायदा, आणि कूळ कोण हे ठरवायला वापरलेली कालगणना मोगलांच्या महसुली हिशेबातून आलेली.

फसली म्हणजे पिकाचं वर्ष. अकबराच्या काळात महसूल हंगामाशी जुळवण्यासाठी ते सुरू झालं; हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे ते दरवर्षी पिकाच्या मागेपुढे सरकत राहायचं. निजामाच्या राज्यात ते शेवटपर्यंत टिकलं, तेही स्वतःच्या थाटात: वर्ष सुरू व्हायचं ६ ऑक्टोबरला आणि महिने इराणी नावांचे, आजूर, दै, बहमन असे. आकडा मात्र सोपा. फसलीत ५९० मिळवले की वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं ते हाती येतं. म्हणजे १३४२ ते १३५२ हा काळ १९३२ च्या ऑक्टोबरपासून १९४३ च्या ऑक्टोबरपर्यंतचा. आजही कुळाच्या नातवाचा दावा निघाला की वकिलाला आधी ही बेरीज करावी लागते. कारण संरक्षित कुळाचा हक्क याच कायद्याने वारसांकडे जातो, आणि १९५४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-ई खाली सरकारने अधिसूचनेने ठरवलेल्या दिवशी, मर्यादेत बसणाऱ्या जमिनीची मालकीही कुळाकडे गेली. आजोबा त्या सहा वर्षांत शेतात होते की नव्हते, यावर आज एखाद्या घराची मालकी लटकलेली असू शकते.

पुरावा कुठून आणायचा? मराठवाड्यात हात जातो तो १९५४-५५ च्या खासरा पत्रकाकडे, त्याआधीच्या सेतवाराकडे, निजामाच्या काळातल्या उर्दू नोंदींकडे. सातबाराच्या नमुना सातमध्ये उजव्या बाजूला कुळाचं नाव, खंड आणि इतर अधिकार यांचा रकाना असतो. बहुतेक लोक डावीकडे मालकाचं नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी करून खिशात टाकतात. जाणकार माणूस आधी उजवीकडे बघतो. एखाद्या जुन्या फेरफाराचा क्रमांक, संरक्षित कुळाचा एक त्रोटक शेरा, पुढे कंस, आणि त्या कंसामागे कधीकधी दोन पिढ्यांचं वैर. जमीन घेणाऱ्याने नकाशापेक्षा हा रकाना जास्त वेळ वाचावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ प्रश्न. १९४८ मध्ये निजामाची प्रत्यक्ष सत्ता संपली, १९५६ मध्ये हैदराबाद राज्यही संपलं, मग त्याचे कायदे का उरले? विसरून राहिले, आळसाने राहिले, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. त्यांना राहू देण्याची तरतूद मुद्दाम केलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायद्याने हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले: मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगणा आंध्रात, गुलबर्गा-बीदर-रायचूर म्हैसूरमध्ये. त्या कायद्यातलं कलम ११९ फार शांतपणे एक प्रचंड गोष्ट सांगतं. राज्यांच्या सीमा बदलल्या म्हणून कोणता कायदा कोणत्या भूभागाला लागू होता त्यात बदल झाला, असं समजायचं नाही. सक्षम विधिमंडळ दुसरं काही ठरवीपर्यंत तो त्याच भूभागाला चिकटून राहील. नकाशावरच्या रेघा रात्रीत पुसल्या, कायद्याच्या रेघा होत्या तिथेच. नाहीतर २ नोव्हेंबरच्या सकाळी परभणीच्या न्यायालयात कुठला कायदा चालवायचा, हेच कोणाला कळलं नसतं. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. महसुलाचा कायदा १९६६ च्या संहितेने एक झाला. १५ ऑगस्ट १९६७ ला ती अमलात आली आणि फसली १३१७ चा, म्हणजे १९०७-०८ चा, हैदराबादचा जमीन महसूल कायदा इथे संपला. कूळकायदे मात्र कोणी एक केले नाहीत. हजारो कुळांचे हक्क ज्या शब्दांवर उभे आहेत ते शब्द बदलायची हिंमत कोण करणार?

पैनगंगेची रेघ तर त्याहून जुनी. पलीकडचा वऱ्हाड नावाने निजामाचाच होता. १८५३ मध्ये इंग्रजांनी त्याचा कारभार आपल्याकडे घेतला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने, वर्षाला पंचवीस लाख रुपये ठरवून. म्हणजे सार्वभौम निजाम, कारभार इंग्रजांचा. भूमी ब्रिटिश हिंदुस्थानची नाही म्हणून तिथले कायदेही परक्या मुलखावरच्या अधिकाराच्या आडवाटेने लागू केलेले. नदीच्या दोन काठांवरच्या शेतकऱ्यांची सोयरीक होती, बाजार एक होते, बोलीही जवळची. पण एकाचा महसूल इंग्रजी पद्धतीने लिहिला जायचा, दुसऱ्याचा उर्दूत. आजच्या कितीतरी वादांचं मूळ या दोन दप्तरांत आहे.

निजामाच्या राज्यात कायदा म्हणजे तरी काय होतं? विधिमंडळ होतं, कायदे छापले जायचे, पण सगळ्यांच्या वर निजामाचं फर्मान. नवाब वली-उद-दौला यांच्या वारसाहक्काचा वाद या बाबतीत फार मासलेवाईक आहे. नवाब वारले, दोन स्त्रियांनी आपण त्यांच्या पत्नी असल्याचा दावा केला, आणि निजामाने फर्मानं काढली. एकदा या बाजूने, एकदा त्या. स्वातंत्र्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायमूर्तींना ठरवावं लागलं की फर्मानाची ताकद किती. उत्तर आलं: निजाम सर्वसत्ताधीश होता, त्याने आपली इच्छा कुठल्याही रूपात व्यक्त केली तरी तो कायदाच. त्याच कुटुंबासाठी हैदराबादच्या विधिमंडळाने १९५० मध्ये एक खास कायदा केला होता, त्या दोघींचे दावे बाद करणारा. तो सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या कलम १४ वर घासून रद्द केला. राजाने एका घराण्यापुरता हुकूम काढला तर तो कायदा, आणि घटना आल्यावर विधिमंडळाने तेच केलं तर घटनाबाह्य. दोन्ही निकाल बरोबर आहेत, हीच त्यातली गंमत.

याहून विलक्षण १९४९ ची गोष्ट. सप्टेंबर १९४८ च्या भारतीय सेनेच्या कारवाईनंतर हैदराबादचा कारभार मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे आला, लष्करी गव्हर्नर म्हणून. निजाम गादीवर होताच. त्याने फर्मान काढून आपले अधिकार चौधरींना दिले. मग १५ ऑगस्ट १९४९ ला चौधरींनी जहागिऱ्या रद्द केल्या. शतकानुशतकांची व्यवस्था एका विनियमाने संपली, आणि त्या विनियमाचं नाव काय, तर हैदराबाद (जहागिरी निर्मूलन) विनियम, १३५८ फसली. भारतीय सेनेचा अधिकारी, स्वातंत्र्यदिनाची तारीख, निजामाने दिलेला अधिकार, आणि वर्ष अकबराच्या हिशेबातलं. पुढे जहागीरदार न्यायालयात गेले, की चौधरींना हा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये तो अधिकार मान्य केला. फर्मान वैध, म्हणून चौधरी वैध, म्हणून जहागिरी खालसा. निजामाची सत्ता मोडायला निजामाचाच कायदा कामी आला.

जहागिऱ्या गेल्या तरी इनामं मागे राहिली. मदतमाश म्हणजे माणसाच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन, खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या, दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली. आज मराठवाड्यात वर्ग-२ च्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनी वर्ग-१ करण्याची जी चर्चा चालते, तिच्यात हेच शब्द ऐकू येतात. २०२४ मध्ये सरकारने मदतमाश जमिनींच्या नजराण्याचा दर ५ टक्क्यांवर आणला तेव्हा कितीतरी घरांना पहिल्यांदाच कळलं की आपण ज्या जमिनीवर घर बांधून राहतो ती कागदावर अजून निजामाने दिलेलं इनाम आहे.

आणि मग जातीचे दाखले. २ सप्टेंबर २०२५ ला, मनोज जरांगे पाटील यांचं मराठा आरक्षणासाठी आझाद मैदानावरचं उपोषण चालू असताना, सरकारने शासन निर्णय काढला: हैदराबाद गॅझेटियरमधल्या नोंदी विचारात घेऊन मराठवाड्यातल्या पात्र मराठा अर्जदारांना कुणबी, मराठा-कुणबी, कुणबी-मराठा दाखले देण्याची कार्यपद्धती. जमिनीचा पुरावा नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचं प्रतिज्ञापत्र, आणि गावपातळीवर तीन जणांची समिती: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी. ओबीसी संघटनांनी या निर्णयाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

राजकारण बाजूला ठेवून त्यातला कायद्याचा पेच बघा, तो फार सुंदर आहे. गॅझेटियर हे राजपत्र नव्हे. ते प्रदेशाचं वर्णन असतं: पाऊस, पिकं, जाती, लोकसंख्या. त्यात अमुक जिल्ह्यात कुणबी इतके, असा आकडा मिळतो. अमुक गावच्या अमुक माणसाचं नाव मिळत नाही. दाखला मात्र एका माणसाला द्यायचा असतो. आकड्यातून माणसाकडे जायचं कसं? १९५१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की गॅझेटियरमधलं विधान निर्णायक नसतं, पण सरकारी दस्तऐवज म्हणून त्याला काही मोल असतं. मला हा तोल शहाणपणाचा वाटतो. गॅझेटियर वारा कुठल्या दिशेचा ते सांगेल, पण घराचा पत्ता सांगायला खासरा, शाळेचं दाखलखारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदच लागणार. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती २०२३ पासून शोधत होती ते हेच कागद: मोडीतले, उर्दूतले, फारसीतले. पैनगंगेपलीकडच्या दप्तरांत 'कुणबी' सर्रास सापडतो आणि अलीकडे शोधावा लागतो. हा फरक माणसांतला किती आणि नोंद करणाऱ्या कारकुनांतला किती, हे कोणी छातीठोक सांगू नये.

मराठा दाखल्यांच्या शासन निर्णयापाठोपाठ बंजारा समाजानेही त्याच गॅझेटियरचा आधार घेऊन अनुसूचित जमातीची मागणी लावून धरली. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात मोर्चे निघाले. इथे १६१ क्रमांकाचा रस्ता पुन्हा मनात येतो. देगलूर ओलांडून तेलंगणात शिरलात की हाच समाज लंबाडा नावाने अनुसूचित जमातीत. कर्नाटकात लंबाणी अनुसूचित जातीत. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत. आणि १९५६ पर्यंत या तिन्ही राज्यांतले लगतचे भाग एकाच हैदराबाद राज्यात होते! हैदराबाद राज्याच्या १९५० च्या जमातींच्या यादीत आंध होते, जे कळमनुरी भागात मोठ्या संख्येने आहेत, गोंड होते, कोलाम होते, लंबाडा नव्हते. मद्रासमधून आलेल्या आंध्र भागात मात्र ते यादीत आले. दोन्ही भाग एका राज्यात आले आणि एकाच राज्यात एकाच समाजाचे दोन दर्जे दिसू लागले. १९७६ च्या दुरुस्तीने तेलंगणातलेही आत घेतले गेले. मराठवाड्याला तो शेजार लाभला नाही. आता ती मागणी पुरी करायची तर शासन निर्णय पुरत नाही. अनुच्छेद ३४२ प्रमाणे यादीत भर घालायची ती संसदेने, आणि २००० च्या मिलिंद प्रकरणात, हलबा-कोष्टींच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे की यादी जशी आहे तशीच वाचायची, पुरावे घेऊन ती फुगवायची नाही. मोर्चेकऱ्यांना हे कोणी तरी स्पष्ट सांगायला हवं होतं, आणि व्यासपीठावरच्या नेत्यांना ते ठाऊक असणारच.

एक कायदा मात्र फाट्यावर कुठलीच नदी मानत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६, केंद्राचा. १९९७ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि रस्त्यासाठी जमीन घेताना सांत्वना रक्कम, म्हणजे सक्तीने जमीन गेल्याबद्दलचे वरचे ३० टक्के, द्यायची नाही असं ठरलं. धरणासाठी जमीन गेली तर मिळणार, महामार्गात गेली तर नाही. १९ सप्टेंबर २०१९ ला तरसेम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि ४ फेब्रुवारी २०२५ ला सांगितलं की हा निकाल मागच्या संपादनांनाही लागू. नंतरच्या संपादनांना २०१३ च्या कायद्याचा मोबदला लागू झाला आणि सांत्वना रक्कम शंभर टक्क्यांवर गेली.

किती द्यायचं हे दिल्लीचा कायदा ठरवतो, कोणाला द्यायचं हे नव्हे. मोबदल्याच्या वाटणीवर वाद झाला की सक्षम प्राधिकाऱ्याने तो कलम ३-एच खाली मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवायचा. समोर मालकाचा मुलगा, पलीकडे कुळाचा नातू. आणि कूळ होतं की नव्हतं हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या हातातला नाही. हैदराबादच्या कायद्याचं कलम ९९ त्याला अडवतं, ते ठरवणार तहसीलदार. तहसीलदार खासरा मागवणार. १९९७ ते २०१५ मध्ये ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांच्याकडे तर ही फाईल मिटूनही वर्षं झाली असतील, पण २०२५ च्या निकालाने राहिलेली सांत्वना रक्कम मागायची वाट मोकळी केली. म्हणजे भांडायला आता तीस टक्के जास्तीचे, वर व्याज.